ज्युरीकडे काम पाठवण्याआधी: बडोद्यातल्या सिरॅमिक कलाकारांसाठी

भट्टी उघडली, काम धड निघालं, ग्लेझ (मातीवरचा काचेसारखा लेप) मनासारखं उतरलं, की निम्मं झालं. उरलेलं निम्मं तुमच्या गैरहजेरीत घडतं. परीक्षक पडद्यावर फोटो बघतात, हमाल खोकं उतरवतो, दालनातला माणूस काम पेडेस्टलवर ठेवतो, आणि यातल्या एकाही वेळी तुम्ही शेजारी नसता. म्हणून ज्युरीच्या प्रदर्शनाची तयारी करताना सतत एकच गोष्ट विचारायची: समजावून सांगायला आपण नसताना हे काम काय सांगेल आणि कितपत तग धरेल?

बडोद्याच्या मंडळींना हे जरा जास्तच सांगावं लागतं, कारण इथे कामाला प्रेक्षक सहज मिळतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० पासून आहे. तिच्या आसपास वाढलेल्या कलाकाराचं काम शिक्षक, मित्र, शेजारच्या स्टुडिओतले लोक हातात घेऊन, फिरवून, तळाला बोट लावून बघतात. दिल्लीतल्या किंवा इटलीच्या फाएन्झातल्या परीक्षकाला यातलं काहीच करता येत नाही. पहिल्या फेरीत त्याच्यासमोर असतात दोन-तीन फोटो आणि चार ओळी, आणि शेकडो प्रवेशिकांमध्ये तुमच्या वाट्याला काही सेकंदच येतात.

आता पद्धत. ज्युरीचं प्रदर्शन म्हणजे ज्यात ठरलेल्या अटींत बसणारा कोणीही अर्ज करू शकतो आणि कोणाचं काम मांडायचं हे परीक्षकांची छोटी समिती ठरवते. बहुतेक ठिकाणी दोन फेऱ्या होतात. पहिली फोटोंवर, दुसरी प्रत्यक्ष कामावर. काही ठिकाणी फोटोंवरच निवड संपते आणि काम थेट मांडणीसाठी मागवतात. पहिल्या फेरीत नाव झाकून ठेवण्याची पद्धत बरीच रूढ आहे. तशी अट असेल तर फाइलच्या नावात, फोटोच्या आतल्या माहितीत किंवा तळावरच्या तुमच्या ठशात नाव दिसता कामा नये. तळाचा ठसा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

पाठवायचं कुठे? ललित कला अकादमीचं राष्ट्रीय प्रदर्शन १९५५ पासून होतं. मुंबईची बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची. अशा सर्वसाधारण कलाप्रदर्शनांत सिरॅमिकचा वेगळा विभाग असेलच असं नाही. मग काम शिल्पात जातं आणि ब्राँझ, दगड, लाकडाच्या शेजारी तोललं जातं. तिथे ग्लेझची करामत फारशी मोजली जात नाही, आकार आणि कल्पना मोजली जाते. फक्त मातीसाठीची जागा म्हणजे इंडियन सिरॅमिक्स ट्रायएनाले. पहिली २०१८ मध्ये जयपूरच्या जवाहर कला केंद्रात झाली, दुसरी २०२४ मध्ये दिल्लीच्या अर्थशिला कलाकेंद्रात. तिचा कल मोठ्या, जागेशी बोलणाऱ्या मांडणीकडे दिसतो. परदेशात इटलीतल्या फाएन्झाचं पारितोषिक १९३८ पासूनचं आहे, जपानमधली मिनोची स्पर्धा १९८६ पासून दर तीन वर्षांनी भरते आणि कोरियातली ग्योंगी बिएनाले २००१ पासून. अर्ज करण्याआधी त्या प्रदर्शनाच्या मागच्या दोन कॅटलॉगांमधली चित्रं बघा. सुंदर चहाची किटली मांडणीशिल्पांच्या प्रदर्शनात पाठवली तर किटलीत काही खोट नसूनही ती परत येते, आणि प्रवेश शुल्क परत येत नाही.

माहितीपत्रक माती मळण्याआधी वाचावं, काम झाल्यावर नव्हे. त्यात पाच गोष्टी शोधा: काम किती वर्षांच्या आतलं हवं (बहुतेकदा दोन किंवा तीन), कमाल माप आणि वजन, एका संचातले अनेक तुकडे एक काम धरतात की अनेक, ने-आणीचा खर्च कोणाचा, आणि विमा कधीपासून कधीपर्यंत. मापाची अट सिरॅमिकवाल्यांना वेगळीच नडते, कारण आपलं माप भट्टीत बदलतं. स्टोनवेअरची (जास्त तापमानाला भाजून दगडासारखी घट्ट होणारी) माती ओली असल्यापासून पक्की भाजेपर्यंत साधारण १० ते १३ टक्के आकसते. तुमच्या मातीचं आकसणं १२ टक्के असेल आणि उंचीची मर्यादा ४० सें.मी. असेल, तर ओलं काम ४५ सें.मी. चालेल, ते ३९.६ वर येईल. ४६ केलंत तर ४०.५, म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरने बाद. आकसण्याचा आकडा दुकानदाराच्या कागदावरून घेऊ नका. १० सें.मी.ची रेघ ओढलेली पट्टी तुमच्याच भट्टीत भाजून मोजा.

पावसाळा धरून उलटी मोजणी

समजा शेवटची तारीख ३० सप्टेंबर आहे. मातीच्या वळ्या रचून केलेलं, एक सेंटिमीटर जाडीचं, ३५ सें.मी. उंचीचं काम हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांत वाळतं. बडोद्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये त्याला दुप्पट वेळ धरा. वरून कोरडं दिसलं तरी जाड सांध्यात, पायाशी ओल राहते. पाण्याची वाफ १०० अंशांना होते आणि बाहेर पडायला वाट नसली की ती काम फोडून वाट काढते. गालाला लावून गार लागलं तर ते अजून ओलं आहे. भट्टी ८० ते ९० अंशांवर काही तास धरून ठेवणं, जाड कामाला रात्रभर, हा पावसाळ्यातला सगळ्यात स्वस्त विमा. पुढे ५७३ अंशांच्या आसपास मातीतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं, आणि थंड होताना तिथेच एकदम आकसतं. तो टप्पा जाता-येता दोन्ही वेळा सावकाश ओलांडायचा. बिस्क (ग्लेझ देण्याआधीची पहिली भाजणी), ग्लेझ, दुसरी भाजणी, आणि १०० अंशांच्या खाली येईपर्यंत झाकण न उघडणं, एवढं धरलं तर ३० सप्टेंबरच्या अर्जासाठी काम जूनच्या सुरुवातीला उभं राहिलं पाहिजे. एक बिघडेल असं धरून जोडीला दुसरं काम करा.

भाजून झाल्यावरही महिनाभर थांबता आलं तर थांबा. काही दोष उशिरा येतात. नदीकाठच्या किंवा शेतातल्या मातीत चुन्याचे खडे असतात. भाजताना त्यांचा कळीचा चुना होतो, मग तो हवेतली ओल पितो, फुगतो आणि पृष्ठभागावरची चकती उडवून पांढरा ठिपका दाखवतो. कधी दोन दिवसांत, कधी कित्येक आठवड्यांनी, म्हणजे नेमकं निवड झाल्यावर. माती पातळ करून ६० मेशच्या (इंचाला ६० भोकांच्या) चाळणीतून गाळली तर हा त्रास बराच टळतो. नव्या मातीचा बिस्क केलेला तुकडा तासभर पाण्यात उकळून आठवडाभर ठेवून बघा. चुना असेल तर तो तिथेच बोलेल. ग्लेझवरच्या बारीक केशतडाही अशाच उशिरा वाढतात, कारण ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसून ताणाखाली असतं. तडा मुद्दाम आणल्या असतील तर माहितीत तसं लिहा. नसतील आणि फोटो काढल्यानंतर आल्या, तर दुसऱ्या फेरीत परीक्षकाच्या हाती फोटोपेक्षा वेगळं काम पडतं, आणि फोटोशी न जुळणारं काम नाकारायचा अधिकार बहुतेक आयोजक राखून ठेवतात.

फोटो

इथे कंजुषी करू नका. वेळ तर मुळीच वाचवू नका. चांगलं काम वाईट फोटोने पडतं हे इतक्यांदा घडतं की बाकी काही वाचलं नाही तरी हा भाग वाचा.

मागे मध्यम करडा कागद, रुंदी निदान सव्वा मीटर, भिंतीवरून टेबलावर गोलाई देत उतरवलेला, घडी न पाडता. करड्यावर पांढरं आणि काळं दोन्ही ग्लेझ नीट दिसतात. पांढऱ्यावर काळं काम कापून चिकटवल्यासारखं दिसतं आणि पांढरं हरवतं. काम कागदाच्या गोलाईपासून ६० ते ९० सें.मी. पुढे ठेवा, म्हणजे सावली मागच्या भिंतीवर चढणार नाही. उजेड एकाच बाजूने, साधारण ४५ अंशांतून. उत्तरेची खिडकी आणि तिच्यावर ट्रेसिंग पेपर किंवा पांढरं मलमल, हे भाड्याच्या दिव्यांपेक्षा पुष्कळदा सरस ठरतं. बडोद्यातलं एप्रिल-मेचं गच्चीवरचं ऊन मात्र टाळाच. ते सावल्या काळ्या करतं आणि ग्लेझवर पांढरे डाग पाडतं. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा करून थोडा उजेड परतवा. खोलीतली ट्यूब बंद. खिडकीचा आणि ट्यूबचा उजेड मिसळला की सेलाडॉन ग्लेझचा हिरवा निळसर आणि तांब्याच्या ग्लेझचा लाल तपकिरी होतो, आणि नंतर संगणकावर तो धड सुधारत नाही. पहिला फोटो करडं कार्ड ठेवून काढा आणि रंगाचा तोल त्यावरून लावा.

कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, छिद्र एफ ८ ते एफ ११ (पुढचा काठ आणि मागचा काठ दोन्ही स्पष्ट यावेत म्हणून), दोन सेकंदांचा टायमर. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ८५ ते १०० मि.मी.ची भिंग वापरा. मोबाइल असेल तर नेहमीची रुंद भिंग सोडून दुप्पट-तिप्पट झूमची खरी भिंग निवडा आणि दोन मीटर मागे जा. जवळून रुंद भिंगेने काढलेल्या सुरईचं पोट फुगतं आणि पाय बारीक होतो. म्हणजे परीक्षक बघतो ते तुमचं प्रमाणच नव्हे. वाडगा थोडा वरून, तोंडाची आतली कड दिसेल इतका. शिल्प त्याच्या मध्याच्या उंचीवरून.

चमकदार ग्लेझ म्हणजे काच, त्यात सगळी खोली दिसते. प्रकाशाचा स्रोत जितका मोठा आणि मऊ, तितकं प्रतिबिंब सौम्य. काठावरून उतरणारी एक लांब, मऊ चमक राहू द्या. तीच आकार सांगते. बाकीची प्रतिबिंबं काळा पुठ्ठा धरून मारा. पोलराइझिंग फिल्टर काचेवरची चमक कापतो, पण सोनेरी लस्टर (धातूचा पातळ मुलामा) किंवा राकूच्या (तापलेलं काम भट्टीतून काढून धुरात ठेवायची पद्धत) तांबूस धातूझाकेवर त्याचा उपयोग होत नाही, धातूची चमक तो अडवत नाही. मॅट ग्लेझचं उलटं: उजेड फार पसरवला तर पृष्ठभाग मेल्यासारखा दिसतो. बडोद्यातच अनेक वर्षं सिरॅमिक शिकवलेल्या ज्योत्स्ना भट्ट यांची स्टोनवेअरमधली मांजरं आणि पक्षी डोळ्यांसमोर आणा. तसल्या मखमली पृष्ठभागावर बाजूने तिरका उजेड दिला तरच त्याचा पोत वर येतो.

किती फोटो? मागितले तितकेच. तीन असतील तर एक पूर्ण, एक दुसऱ्या बाजूने, एक जवळून. जवळच्या फोटोने काही नवं सांगितलं पाहिजे: सांधा, आतला भाग, ग्लेझ थांबलंय ती रेघ. पूर्ण फोटोचाच कापलेला तुकडा पाठवला तर एक संधी फुकट. संगणकावर पार्श्वभूमी पुसून टाकू नका. सावली गेली की काम तरंगतं. आठ सेंटिमीटरचा पेला आणि ऐंशी सेंटिमीटरचा रांजण पडद्यावर सारखेच दिसतात, म्हणून लहान कामाभोवती जास्त मोकळी जागा सोडा. शेवटी फोटो तळहाताएवढा करून दोन हातांवरून बघा. आकार लगेच कळतो का? नसेल कळत तर परत काढा. फाइल जेपेग, एसआरजीबी रंगात, लांब बाजू जितके पिक्सेल सांगितले तितकीच.

चार ओळी आणि किंमत

माध्यमाच्या रकान्यात नुसतं सिरॅमिक लिहून सोडू नका. "स्टोनवेअर, वळ्यांनी रचलेलं, लोहयुक्त स्लिप, १२४० अंश सेल्सियस, इलेक्ट्रिक भट्टी" ही ओळ (स्लिप म्हणजे पातळ मातीचा लेप) परीक्षकाला दोन सेकंदांत बरंच काही देते. मापं उंची, रुंदी, खोली या क्रमाने, सेंटिमीटरमध्ये, भाजल्यानंतरची. इंचांची गल्लत झाली तर ३० सें.मी.चं काम ३० इंचांचं म्हणून मांडणीच्या आराखड्यात जातं.

निवेदन बहुतेकदा शंभर-दीडशे शब्दांचं मागतात, आणि तिथे आपली माणसं एकदम भाषणाला उभी राहतात. "माती आणि मानव यांचं सनातन नातं माझ्या कलाकृतीतून उलगडतं" हे वाक्य कोणाच्याही कोणत्याही कामाखाली बसतं, म्हणून ते कोणाचंच नाही. त्याऐवजी: "मांडवीच्या जुन्या वाड्यांच्या जोत्यांवर ओल चढून जो रंग फुटतो, तो मी स्लिपच्या सात पातळ थरांतून आणला. प्रत्येक थर वेगळ्या दिवशी दिला, म्हणून कडा एकमेकांत मिसळत नाहीत." कोणती गोष्ट, ती कशी केली, त्यामुळे काय दिसतं. एवढंच पुरे. इंग्रजीत द्यायचं असलं तरी आधी मराठीत लिहा, मोठ्याने वाचा, मग इंग्रजी करा. आधीच इंग्रजीत लिहायला बसलं की कॅटलॉगांतली उसनी वाक्यं आपोआप येतात.

किमतीचा हिशेब पुष्कळ जण चुकवतात. दालनाचं कमिशन ३० टक्के आहे आणि तुम्हाला हातात २१,००० रुपये हवेत, तर २१,००० वर ३० टक्के चढवून २७,३०० लिहू नका. त्यातून ३० टक्के गेले की १९,११० उरतात. २१,००० ला ०.७० ने भागा, किंमत ३०,००० येते. आणि तीच किंमत स्टुडिओतही ठेवा. दालनात ३० हजार आणि घरी २१ हजार हे ग्राहकाला कळतंच, आणि मग दोन्हीकडचा विश्वास जातो. विकायचं नसेल तर तसं लिहा, पण विम्यासाठी किंमत तरीही द्यावी लागते.

खोकं

निवडपत्र आलं की आनंदात पहिली चूक होते ती इथे. तत्त्व सोपं आहे: कामाला आत हलायला जागा नको आणि बाहेरचा धक्का आत पोचायला नको. त्यासाठी दोन खोकी. पहिल्यात काम, पहिलं दुसऱ्यात, आणि दोन्हींच्या मध्ये सहाही बाजूंनी निदान ५ सें.मी. घट्ट फोम.

कामाला आधी बटर पेपर किंवा धुतलेलं मऊ सुती कापड. बबल रॅप थेट मॅट ग्लेझवर लावला तर उन्हाळ्यातल्या ट्रकमध्ये त्याचे गोल ठसे उमटतात. कान, तोटी, शिंगं, पातळ काठ यांच्यावर दाब देऊ नका. दाब कामाच्या जाड भागावर घ्या आणि नाजूक भागाभोवती फोममध्ये पोकळी कापा. झाकण वेगळं गुंडाळा. थर्माकोलचे सुटे दाणे वापरू नका, प्रवासात ते खाली बसतात आणि जड काम त्यांच्यातून सरकत तळाला जातं. फोमच्या चकत्या कामाच्या आकाराने कापलेल्या सगळ्यात बऱ्या. बंद झाल्यावर खोकं हलवून कान द्या; आवाज आला तर परत उघडा.

पंधरा किलोच्या वर प्लायवुडची पेटी करा. मकरपुरा जीआयडीसीसारख्या औद्योगिक भागात यंत्रांसाठी पेट्या बांधणारे कारागीर सापडतात. त्यांना सांगताना आतलं माप सांगा आणि झाकण खिळ्यांनी नको, स्क्रूनी हवं हे दोनदा सांगा. खिळे उपटताना बसणारे हादरे प्रवासातल्या हादऱ्यांपेक्षा वाईट असतात, शिवाय त्याच पेटीतून काम परत यायचंय. झाकणाच्या आत उघडण्याच्या क्रमाचे फोटो चिकटवा: आधी हा फोम, मग ही पट्टी, मग इथे धरून उचला. परत भरणारा माणूस उघडणाऱ्यापेक्षा वेगळा असतो, आणि काम जाताना नाही तर येताना फुटतं ते याच कारणाने.

कुरिअरवाला खऱ्या वजनाचे नव्हे, आकाराच्या वजनाचे पैसे लावू शकतो. हवाई कुरिअरसाठी रूढ हिशेब म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायची. ६० सें.मी.च्या चौकोनी खोक्याचे ४३.२ किलो होतात, आत नऊ किलोचं काम असलं तरी. हा आकडा अर्ज करण्याआधी काढा. विम्यात फुटण्याची जोखीम धरली आहे का हेही लेखी विचारा. नाजूक वस्तूंसाठी ती पुष्कळदा वगळलेली असते.

परदेशी पाठवताना तीन गोष्टी वाढतात. लाकडी पेटीला आयएसपीएम १५ चा (लाकडातून कीड पसरू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का लागतो, म्हणजे लाकडाचा गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेला हवा; पूर्ण प्लायवुडच्या पेटीला तो लागत नाही, पण खाली कच्च्या लाकडाचे पाय ठोकले की लागतो. परत येणाऱ्या कामासाठी एटीए कार्नेट हे कस्टम्सचं कागदपत्र मिळतं, भारतात ते फिक्की ही उद्योगसंघटना देते. त्याने तिकडची तात्पुरती आयात आणि इकडची परत आयात करमुक्त होते. आणि जुन्या मृण्मूर्तीसारखं दिसणारं टेराकोटा असेल तर कस्टम्स अडवू शकतं. शंभर वर्षांवरच्या पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत, म्हणून आपलं काम नवं आहे असं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवलेलं बरं.

मांडणीसाठी लागणारं सगळं पेटीतच द्या. भिंतीवरच्या कामाला अडकवायची भोकं भाजण्याआधी पाडलेली हवीत. नंतर ड्रिल म्हणजे तडा. सोबत स्क्रू, प्लग आणि भोकांचं खऱ्या मापाचं कागदी नमुनापत्र. उंच, वर जड कामाच्या पायात वाळूची पिशवी बसेल अशी पोकळी आणि तळाला कार्बोरंडमच्या दगडाने घासलेली कड, म्हणजे ते डुगडुगत नाही.

काम परत आलं की खोकं त्याच दिवशी उघडा, उघडण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा, आणि पाठवताना काढलेले फोटो शेजारी ठेवून काठ, कान, तळ तपासा. फुटलं असेल तर तुकडे आणि फोम दोन्ही जसेच्या तसे ठेवा. दाव्याची मुदत बहुतेकदा दिवसांतच मोजतात आणि सर्वेक्षक पॅकिंग बघायला मागतो. नाकारलं गेलं असेल तर तेच काम, नियमांत बसत असेल तोवर, दुसऱ्या परीक्षकांपुढे पाठवा. समिती दर वेळी बदलते. फोटो मात्र आधी परत काढून बघा.